दहा पावलांवरचा आवाज

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. पिस्तुलाची गोळी जास्त जोरात जाते की विमान, यावरून. आजी विज्ञान शिकवायची म्हणून तुमच्या आईनं मला पंच नेमलं. मी "कोणती गोळी?" असं विचारलं, तेव्हा तुम्हाला वाटलं, आजीला उत्तर येत नाही आणि ती वेळ काढते आहे. तसं नव्हतं. तो प्रश्न माझा नव्हता, नेरच्या माझ्या घरमालकांचा होता. त्यांच्याविषयी लिहून पाठवते आहे. तुमचं उत्तर त्यातच येईल.

सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. मी काकाजी म्हणायची. सुतारकाम किंवा गवंडीकाम करणारे मिस्त्री ते नव्हेत. पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं बंदुका आणि रिव्हॉल्व्हरं दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. कुठल्या जिल्ह्याच्या शस्त्रागारात ते इथं लिहीत नाही. नेरला त्यांनी घर बांधलं आणि हत्यारदुरुस्तीचा रीतसर परवाना काढला. आजूबाजूचे जिनवाले, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे मालक, मालदार शेतकरी, पार झरी जामणीकडचे जंगल ठेकेदार आपली परवान्याची हत्यारं साफसफाईला त्यांच्याकडे आणत. स्वतः त्यांनी आयुष्यात चिमणीवरसुद्धा नेम धरला नव्हता.

कुणी विचारलं, "मिस्त्री, गोळी कितीक जोरात जाते हो?" की ते हातातलं काम खाली ठेवत आणि तीन प्रश्न विचारत. "कोनती गोळी? बार केवढा? नळी किती इंची?" बार म्हणजे काडतुसात भरलेली दारू; गोळी झाडण्यालाही ते बार टाकणंच म्हणत. या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ते बोलत नसत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की अमरावतीची मोटार किती वेळात पोचते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कोनती मोटार? मानसं किती भरले? ड्रायव्हरनं चहा घेतला का नाई?" त्यांची दुसरी सवय 'नळी साफ' म्हणण्याची. प्रत्येक बारानंतर ते हत्यार रिकामं करत, नळीतून एक गुळगुळीत वेताची काडी आरपार घालत आणि मोठ्यानं म्हणत, "नळी साफ." मग जेवण झालं तरी नळी साफ, पोस्टात पत्र टाकून आले तरी नळी साफ. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "लग्नात सातवा फेरा झाल्यावर बी ह्ये नळी साफ म्हनले असतीन, मले आयकू आलं नाई एवढंच."

मी १९५८ च्या जूनमध्ये नेरला आले. नागपूरहून बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला. माझे वडील खोली बघायला सोबत होते. एकटी मुलगी म्हटल्यावर इतर घरमालकांनी जे शंभर प्रश्न विचारले, ते यांनी विचारले नाहीत. एकच विचारला. "बाईले ग्रेनचं वजन समजते का?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सात हजार ग्रेनचा एक पौंड. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

ग्रेन कशाला, ते दुसऱ्या दिवशी समजलं. मागच्या अंगणात दोन खांबांवर एक जाड वासा आडवा टाकला होता आणि त्यावरून चार दोरांनी एक सागवानी खोका टांगला होता. समोरची बाजू उघडी, आत जिनातून आणलेला कापूस ठासून भरलेला, पाठीमागे लोखंडी पत्रा. दुरुस्त झालेलं हत्यार तपासताना बार या खोक्यात टाकायचा. गोळी कापसात रुतून थांबायची आणि तिच्या धक्क्यानं सगळा खोका झोका घेऊन मागे जायचा. मागे एक हलकी काडी होती. खोका तिला सरकवत नेई आणि परत येई, काडी मात्र जिथपर्यंत ढकलली गेली तिथंच थांबे. तेवढं अंतर पट्टीवर मोजायचं. गोळीचं वजन सोनाराच्या काट्यावर ग्रेनमध्ये करायचं. मग कपाटातून एक पिवळा कागद निघे. नोकरीच्या सुरुवातीला एका गोऱ्या साहेबानं त्यावर कोष्टक मांडून दिलं होतं. झोका इतका, वजन इतकं, तर गोळीची गती सेकंदाला इतके फूट.

गुरुवारी बाजार भरायचा. त्या दिवशी सकाळी हे काम चाले. पोलीस ठाण्याला ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. माझ्या मुली शाळेत आवाज मोजून सांगायच्या की आज मिस्त्रीकडे तीन हत्यारं आली.

गावाची एक पक्की समजूत होती की गोळी जेवढी मोठी तेवढी ती जोरात जाते. लोकांचा तरी काय दोष? बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. बत्तीस बोअरच्या बारीक गोळीनं खोका दोन बोटं हलायचा, अडतीसनं तीन, आणि जिनवाल्या शेठजींच्या जुन्या चारशे पंचावन्न बोअरनं चांगला चार बोटं मागे जायचा. शेठजींना आपल्या त्या रिव्हॉल्व्हरचा फार अभिमान. डोळ्यांदेखत खोका हलतो, आणि मिस्त्री म्हणतात ही सगळ्यांत सुस्त. शेठजी रागावले. काकाजींनी त्यांना अंगणातल्या फरशीवर खडूनं समजावून दिलं. खोका गोळीच्या एकट्या वेगानं हलत नाही, वजन गुणिले वेगानं हलतो. ही गोळी बत्तीसच्या अडीच-तीन पट जड. तिला ढकलायला दारूचा जोर अपुरा पडतो, म्हणून ती सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपासच जाते. बत्तीस आणि अडतीस सातशेला जाऊन भिडतात. "हत्ती धडकला तं भिंत पडते शेठजी," ते म्हणाले, "म्हनून का थो हरनापुढं पळन?" शेठजी म्हणाले, "माह्या हत्यारले हत्ती म्हनता?" आणि महिनाभर फिरकले नाहीत.

तर मुलांनो, सेकंदाला सहाशे फूट म्हणजे तासाला साधारण साडेसहाशे किलोमीटर. तुम्ही ज्या विमानातून येता ते याहून जोरात उडतं. शेठजींची गोळी तुमच्या मागे राहिली असती. मात्र एकदा एक फौजी कॅप्टन सुट्टीवर जाताना आपलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल दाखवायला थांबले. त्याचा आवाज कानशिलात मारल्यासारखा फाटका आला. काकाजी हरखून गेले. "हे आवाजाच्या पुढं पळते, बाई. अकराशेच्या वर." ती गोळी तुमच्या विमानाला सहज मागे टाकेल. दोघांचंही बरोबर, दोघांचंही चूक. कोणती गोळी, ते आधी विचारायचं.

आणि बार केवढा, तेही. एकाच हत्यारातून एकाच बोअरची दोन काडतुसं सारखी जात नाहीत. दारू कमी असेल, जुनी असेल, सर्दावलेली असेल, तर गती शंभर-दीडशे फुटांनी उतरते. काकू भाकरी करत असताना ते चुलीकडे बोट दाखवून सांगत, तवा तोच, पीठ तेच, पण जाळ कमी तर भाकर कशी फुगणार? आणि नळी आखूड असली तर जाळ पुरता लागायच्या आधीच भाकर तव्यावरून उचलली, असं समजायचं. मी शाळेत हीच उपमा वापरत असे. मुलींना गतीचे नियम समजले की नाही सांगता येत नाही, भाकरी मात्र सगळ्यांना समजली.

मला काकाजींचा पिवळा कागद पहिल्यापासून खटकत होता. कोष्टक खोक्याच्या एका ठरावीक वजनासाठी होतं, आणि खोक्याचं वजन तर रोज बदलत असणार. आत शिसं साठत जातं, पावसाळ्यात कापूस ओल धरतो. मी हे सांगितल्यावर ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी धान्याच्या अडत्याकडचा मोठा काटा अंगणात आला. खोका खरंच कोष्टकातल्यापेक्षा सहा शेर जड भरला. ते खाली बसले. त्यांच्या वह्यांतला सगळ्या पावसाळ्यांचा हिशेब चुकला होता. मला वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "बाई, ह्ये कायच्यानं होते थे मले शिकवा. साहेबानं कागद देला, अक्कल नाई देली." मग रोज संध्याकाळी अर्धा तास मी त्यांना संवेगाचं गणित शिकवलं. मी ते इंग्रजीत शिकले होते, मराठी शब्द मलाही नवा. ते त्याला सरळ 'धक्का' म्हणत. साठीच्या माणसानं वर्गमूळ काढायला शिकताना केलेली खाडाखोड माझ्याकडच्या वहीत अजून आहे.

आता थावराबद्दल सांगायला हवं.

थावरा बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा बंजारा. पूर्वी पोलीस शिपाई होता, आता शेती करायचा. चाळिशीचा असेल. उंच, बोलायला कमी. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. दर गुरुवारी तो पहिल्या मोटारीनं यायचा, काकूला वांगी नाहीतर तुरीच्या शेंगा द्यायचा आणि अंगणात बसायचा. हत्याराचा बार तोच टाकायचा, डाव्या हातानं. त्या वेळी काकाजी त्याच्यापासून मोजून दहा पावलं मागे, पाठ करून, डोळे मिटून उभे राहत. आवाज झाला की तसेच उभे राहून आकडा सांगत. "सहाशे ऐंशी." "पाचशे चाळीस, सर्दावला हाय." मग मी झोका मोजून खरी गती काढायची. हा त्यांचा छंद आहे, असं मी समजले. कानानं गती ओळखायची! मला ते इतकं आवडलं की मी वेगळी वही घातली. डावीकडे त्यांचा अंदाज, उजवीकडे खोक्याचं उत्तर.

एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. काकाजी थावराशी कापसाचं, पावसाचं सगळं बोलत, पण त्याच्या उजव्या हाताकडे कधी बघत नसत. चहाचा कप देतानाही नजर दुसरीकडे असे.

१९६१ चा पावसाळा संपत आला तेव्हा माझ्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी झाल्या होत्या. मी एका रविवारी बसून त्यांचं स्वच्छ कोष्टक केलं, लाल शाईनं रेघा मारून. निकाल पाहून मला फार आनंद झाला. संध्याकाळी चहाच्या वेळी मी काकाजींना म्हटलं, तुमचा कान म्हणजे यंत्र आहे. बहुतेक अंदाज पन्नास फुटांच्या आत आहेत.

त्यांनी विचारलं, "मंद बार वळखू आले का?"

"सगळे," मी म्हटलं. "एकसुद्धा चुकला नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. ते उठून आत गेले. पुढच्या गुरुवारी खोका हलला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. थावरा आला, बसला, शेंगा ठेवून गेला. मला वाटलं, मी काही वावगं बोलले.

काकूनं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि तिनं मान वर केली नाही.

१९५२ ची गोष्ट. दसऱ्याचा दुसरा दिवस, शिपायांचा चांदमारीचा, म्हणजे नेमबाजीचा, सराव. थावरा रेषेवर उभा होता, काकाजी त्याच्या मागे दहा पावलांवर. थावराचा एक बार फुसका झाला. गोळी नळीतच अडकली. त्यानं लगेच दुसरा बार टाकला. नळी फाटली आणि बोटं गेली. चौकशी झाली. साहेबानं काकाजींना एकच प्रश्न विचारला, पहिल्या बाराच्या आवाजात काही फरक वाटला का? वाटला असेल तर ओरडून थांबवणं त्यांचं काम होतं. शिवाय काडतुसं त्यांच्या ताब्यातली. आदल्या दिवशी शस्त्रपूजेत लोकांनी हळदकुंकवासोबत काडतुसांनाही तेलाची बोटं लावली होती. तेल आत झिरपलं की दारू पेटत नाही, हे ठाऊक असून त्यांनी सणाच्या दिवशी कुणाला अडवलं नव्हतं. ते घाबरले. म्हणाले, "साहेब, कानाले काय समजते? सारे बार सारखेच."

मग अहवालात लिहिलं गेलं की शिपायानं निष्काळजीपणा केला. थावराची नोकरी गेली. तांड्यावर त्याला नाव पडलं, आपल्या हातानं आपला हात उडवणारा. त्याची म्हातारी आई जिवंत होती. तिलाही हेच ऐकावं लागायचं.

"तवापासून कान पारखून राह्यले," काकू म्हणाली. "कान खोटा निघावा म्हनून. कानाले खरंच समजत नसन, तं आपुन खोटं बोललो नाई, असं होते ना. अन् तुमी सांगतलं, एकबी चुकला नाई."

मी त्या रात्री माझं लाल रेघांचं कोष्टक पुन्हा पाहिलं. एकही खाडाखोड नव्हती. मी आयुष्यभर नीटनेटकेपणानं कामं केली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो कागद मला हातात धरवेना.

दोन आठवड्यांनी दसरा आला. नेरला सीमोल्लंघनाला सगळं गाव वेशीबाहेर मैदानात जमायचं. शमीची पूजा झाली की जिनवाले शेठजी आपल्या चारशे पंचावन्नचे तीन बार आकाशात टाकायचे, मग लोक सोनं लुटायला धावायचे. शेठजी दरवर्षी पूजेत तीच काडतुसं मांडत आणि त्यांना तेल, हळद, कुंकू लावत. काकाजी दरवर्षी सांगत की हत्याराला हवं तेवढं तेल लावा, पण काडतुसाला लावू नका. शेठजी दरवर्षी म्हणत, देवीला सवाष्णीचा मान नको का द्यायला?

थावरा सणाला नेरला आला होता. काकाजींनीच निरोप पाठवून बोलावलं होतं. आम्ही तिघं गर्दीत कडेला उभे होतो. शेठजींनी हात वर केला. पहिला बार झाला. मला काही वेगळं वाटलं नाही. ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, आणि बार झाला एवढं समजलं. शेजारी पाहिलं तर काकाजी जागेवर नव्हते.

साठी उलटलेला माणूस असा पळताना मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचा फेटा सुटून मागे पडला. त्यांनी शेठजींचा मनगटाशी हात धरला आणि आपला अंगठा रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखाली घातला. शेठजींनी चाप ओढलेला होताच. घोडा पडला तो अंगठ्यावर. रक्त आलं. दुसरा बार झाला नाही.

ढोल थांबले. शेठजी संतापले. सणासुदीच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, मिस्त्रीनं हात धरावा? त्यांचा पुतण्या पुढे सरसावला, एकानं काकाजींच्या छातीला हात लावून ढकललंही. काकाजींनी हत्यार सोडलं नाही. चकरी उघडून काडतुसं काढली आणि खिशात टाकली. मग शमीच्या बुडाशी ठेवलेल्या आपट्याच्या ढिगातून एक सरळ डहाळी उचलली, पानं ओरबाडली, आणि नळीत घातली. डहाळी अर्ध्यावर जाऊन थांबली. त्यांनी हत्यार तसंच, डहाळीसकट, शेठजींच्या डोळ्यांसमोर धरलं.

"नळी साफ नाई," ते म्हणाले.

शेठजींनी स्वतः डहाळी ढकलून पाहिली. मग ते जवळच्या दगडावर बसले आणि पाणी मागितलं. चाप ओढला तेव्हा त्यांच्या हाताभोवती आठ-दहा पोरं उभी होती.

लोक काकाजींची पाठ थोपटू लागले. ते गर्दीतून बाहेर आले, अंगठ्यातून रक्त गळत होतं, आणि सरळ थावरासमोर येऊन उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"थावरा, तवाबी मले आयकू आलतं."

थावरानं हात मागे घेतला नाही. मग म्हणाला, "मले बी आलतं, मिस्त्री. माह्याच तं हातात होतं. मांगून साहेब गिनती करून राह्यलता, म्या चाप ओढला."

काकाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. थावरानं ते पाहिलं असावं. तो पुढे म्हणाला, आवाज न चढवता, "पन इचारलं तुमाले होतं."

आणि तो मोटारीच्या अड्ड्याकडे निघून गेला. सोनं न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या खोलीच्या दाराशी आले. अंगठ्याला चिंधी बांधलेली. म्हणाले, थावराच्या चौकशीबद्दल पोलीस कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहायचा आहे. मी लिहायला बसले. मला वाटलं होतं, थोडं सौम्य लिहावं, इतक्या वर्षांनंतर आठवण स्पष्ट नाही वगैरे. त्यांनी ते वाक्य मला खोडायला लावलं. "मी आवाज ऐकला होता आणि नाही म्हणालो" एवढं लिहा म्हणाले. परवाना जाईल, काकू म्हणाली. कदाचित खटलाही होईल, मी म्हटलं. त्यांनी आम्हा दोघींचं ऐकून घेतलं आणि सही केली. माझं लाल रेघांचं कोष्टकही अर्जाला जोडायला लावलं. पुरावा म्हणून. एखाद्या माणसानं स्वतःविरुद्ध इतका नीट पुरावा दोन वर्षं खपून तयार केलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

पाच महिने उत्तर नाही. मग ते स्वतः त्या कचेरीत गेले. तिथल्या नव्या साहेबाला हसू आलं, नऊ वर्षांपूर्वीची भानगड कुणाला हवी आहे? काकाजी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. चार दिवस रोज जाऊन बसले. परवाना गेला नाही, खटला झाला नाही. अखेर एक कागद मिळाला. शिपाई थावरा याला झालेली इजा त्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हती, अशी दुरुस्ती जुन्या अहवालात केली आहे. बाकी काही नाही. थावराचं नोकरीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं.

थावरा दसऱ्यापासून आला नव्हता. म्हणून आम्हीच गेलो, बोरी अरबपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीतून. तांड्यावर त्याच्या दारापुढे मी तो कागद मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. थावरानं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी वाचत असताना तो एकेक वाक्य आपल्या बोलीत त्याच्या याडीला, म्हणजे आईला, सांगत गेला. बाहीभर पांढऱ्या बांगड्या घातलेली, कमरेत वाकलेली बाई. आजूबाजूची माणसं जमली होती. याडीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग काकाजींकडे बोट करून तिनं थावराला काहीतरी विचारलं.

"हाच का थो, असं इचारून राह्यली," थावरा म्हणाला.

काकाजी म्हणाले, "सांग तिले, हाच."

त्यानं सांगितलं. याडी आत गेली. काकाजी उन्हात उभेच. मला वाटलं आता दार लागेल. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काकाजींच्या हातात तिनं दिला नाही. थावराच्या हातात दिला, उजव्या, आणि हनुवटीनं काकाजींकडे खूण केली. थावरानं दोन बोटांत तो तांब्या धरून पुढे केला. काकाजींना तो घेताना त्या हाताला धरावंच लागलं.

थावरा पुढच्या गुरुवारी आला. मग येत राहिला. पण पूर्वीसारखा दर गुरुवारी नाही, आणि बार त्यानं पुन्हा टाकला नाही. काकाजींनीही सांगितलं नाही. १९६४ मध्ये माझं लग्न झालं आणि मी नेर सोडलं. निरोपाला काकाजींनी त्यांची वही दिली. तीच, वर्गमूळांच्या खाडाखोडीची.

तिचं शेवटचं पान मी तुम्हाला इथं आलात की दाखवीन. पानाला त्यांनी नेहमीचे रकाने पाडले आहेत. बोअर, बार, अंतर, झोका, गती. 'झोका' खोडून तिथं 'वेळ' लिहिलं आहे. खाली एकच ओळ. बोअर अडतीस. बार तेलकट. अंतर दहा पावलं. वेळ नऊ वर्षं. गतीचा रकाना कोरा.

मी गणिताची बाई. एकदा मला राहवलं नाही. दहा पावलं म्हणजे पंचवीस फूट धरून, तो आवाज ऐकल्यापासून कबूल करेपर्यंतच्या नऊ वर्षांचे सेकंद करून, मी पेन्सिलीनं भागाकार मांडला. दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागली. तेवढ्यावर थांबले आणि खोडरबर शोधून सगळं पुसून टाकलं. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. त्यांना भागाकार येत होता, मीच शिकवला होता.